युवराजभाऊच्या रक्ताची बोंब

भडगावात युवराजभाऊचं घर विचारलं की लोक घर सांगत नाहीत, गिरणी सांगतात. त्याचा बाप तोताराम पाटील याने घातलेली ती गिरणी. पुढे रस्त्याला लागून चक्की, शेजारी मिरची कांडायचं यंत्र, मागच्या दाराने आत गेलं की राहतं घर, आणि वर गच्ची. दादर ज्वारी, गहू, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं दळण, उन्हाळ्यात मिरच्या. वर्षभर बायांची रीघ. चक्कीचा आवाज एवढा, की शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. त्यामुळे जगात ज्या गोष्टी लोक कानात सांगतात, त्या युवराजभाऊच्या गिरणीत बोंब ठोकून सांगितल्या जातात. कुणाची सून माहेरी बसली, कुणाला काय रोग जडला, हे सगळं जन्मभर त्याच्या कानावरून गेलंय. गुपिताचं काय होतं हे या माणसापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? आणि तरी त्याने जे करून ठेवलं, ते ऐकलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

झालं होतं असं. युवराजभाऊ पन्नाशीला टेकलेला. पोरगी लग्न होऊन सुरतेला, पोरगा पुण्यात कंपनीत. घरात तो आणि बायको दिपमाला, दोघंच. दिपमालाचं जळगावला पिशवी काढायचं ऑपरेशन झालं, चारसहा महिने तिने विश्रांती घेतली, आणि नंतर नवराबायको पुन्हा जवळ आली तेव्हा युवराजभाऊचं शरीर साथ देईना. मनात इच्छा होती, पण जिथे ताठपणा यायला हवा तिथे तो येईना. एकदा झालं, त्याने थकव्यावर ढकललं. पुन्हा झालं, मिरचीच्या हंगामावर ढकललं. त्यानंतर मात्र त्याने उशी उचलली, खाली फार उकडतंय म्हणाला आणि गच्चीवर जाऊन झोपला.

वैशाख होता, त्यामुळे शोभून गेलं. खानदेशात वैशाखात कोण गच्चीवर झोपत नाही? पण पावसाळा आला तरी हा गच्चीवरच्या पत्र्याखाली. पुढे थंडी पडली. माणसं पहाटे शेकोट्या पेटवून बसायची, आणि हा शहाणा दोन घोंगड्या, कानटोपी आणि पायमोजे घालून गच्चीवर कुडकुडत होता. सकाळी दिपमालाने विचारलं, खाली या ना आता, तर म्हणाला, खाली उकडतं. दिपमालाने पुन्हा विचारलं नाही. ती फक्त संध्याकाळी तिसरी घोंगडी जिन्याच्या पायरीवर ठेवून द्यायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पूर्वी गिरणी बंद झाली की दिपमाला फडकं घेऊन त्याच्या खांद्यावरचं पीठ झटकायची, मग दोघं ओट्यावर चहा घेत बसायची आणि दिवसभर कानावर पडलेल्या बातम्या एकमेकांना सांगून पोट धरून हसायची. गावातल्या एकेकाची नक्कल दिपमालाने करावी आणि युवराजभाऊने चहा सांडावा. ते सगळं थांबलं. जवळ बसलो तर रात्रीची आठवण निघेल, या धास्तीने तो पिठासकट मोरीत जायचा आणि जेवून थेट वर. हे त्याला आतून खात होतं. अवयवाचं दुःख एक होतं, पण त्या चहाचं दुःख त्याहून मोठं होतं, आणि ते परत मिळायला आधी शरीर दुरुस्त व्हायला हवं, अशी त्याची ठाम समजूत. दिपमाला आपल्यापासून तुटत चालली आहे हे त्याला दिसत होतं. तोंड उघडायचं सोडून बाकी सगळं करायची त्याची तयारी होती.

मग मोबाईलवर जाहिरात दिसली. आपल्याच रक्तातून उपचार, ऑपरेशन नाही, गोळी नाही, पुरुषांच्या समस्येवर नवं तंत्रज्ञान. असले दवाखाने जळगावातही असतीलच, म्हणून तो आधी जळगावला गेला. एका दवाखान्याच्या बोर्डाखाली उभा राहिला, तोच समोरच्या हॉटेलातून त्याचा साडू नवल बाहेर आला. नवल बोदवडचा, पण जळगावच्या बाजारात त्याचं रोजचं येणंजाणं. युवराजभाऊने चक्कीचा पट्टा घ्यायला आलोय असं सांगितलं. झालं, नवल त्याला घेऊन पट्ट्याच्या दुकानात गेला, घासाघीस करून पट्टा घेऊन दिला, शेवभाजी खाऊ घातली आणि एसटीत बसवून दिलं. घरी आधीचा पट्टा नवा कोरा होता. जळगाव म्हणजे भडगावचं अंगणच, तिथे काही लपत नाही, असा धडा युवराजभाऊने घेतला आणि ठरवलं की धुळ्याला जायचं. धुळं म्हणजे जणू परदेश!

धुळ्याच्या त्या दवाखान्यात त्याने नाव सांगितलं रमेश. फोन नंबर दिला पोराने टाकून दिलेल्या जुन्या सिमचा. हातातली, नाव कोरलेली चांदीची अंगठीसुद्धा खिशात ठेवली होती. केवढी ही हुशारी.

डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. त्याने समजावून सांगितलं, की दंडातून रक्त काढायचं, ते यंत्रात गरागरा फिरवायचं. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी येतं. त्यात प्लेटलेट भरपूर असतात. प्लेटलेट म्हणजे रक्तातले ते कण, जे जखम भरून आणतात. ते पिवळं पाणी सुईने थेट तिथे टोचायचं, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांना नवी ताकद मिळेल. युवराजभाऊला दुधातून साय काढायचं यंत्र आठवलं आणि सगळं पटलं. आपलंच रक्त, आपल्यालाच परत, यात काय वाईट? गुण नक्की येतो का, असं त्याने चाचरत विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाला, की प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. तंबाखू खाता का, तहान किती लागते, लघवीला किती वेळा उठता, घरात कुणाला साखर होती का, यातलं डॉक्टरने काही विचारलं नाही. आणि युवराजभाऊ तर दिवसभरात घागरभर पाणी पीत होता. मिरचीच्या ठसक्याने घसा सुकतो, असं तोच लोकांना सांगत असे.

डॉक्टरने बाहेर थांबायला सांगितलं. आता गंमत अशी, की हेच पिवळं पाणी केस उगवायलाही टोचतात आणि गुडघ्यातही टोचतात. त्यामुळे बाहेरच्या बाकड्यांवर दोन टकली पोरं होती, आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेली एक म्हातारी. म्हातारी युवराजभाऊकडे बघून हसली. धुळ्याची असो की जळगावची, खानदेशातली दोन माणसं एका बाकड्यावर बसली की पुढे काय होणार हे ठरलेलंच असतं.

"कोनता गावना रे भाऊ तू?" म्हातारीने विचारलं.

नाव खोटं, नंबर खोटा, अंगठी खिशात. पण गाव कुठलं असं कुणी वडीलधाऱ्या माणसाने विचारलं, की खोटं बोलायचं असतं हे युवराजभाऊच्या जिभेला कुणी शिकवलंच नव्हतं. तो म्हणाला, भडगाव. म्हातारीने विचारलं, मामाचं गाव कोणतं? तो म्हणाला, पिंपळनेर. म्हातारीचे डोळे चमकले. पिंपळनेरात कुणाकडचा? त्याने आजोबांचं नाव सांगितलं. तिने आईचं नाव विचारलं, तेही सांगितलं. आईचं नाव शेवंताबाई.

"आरे, म्हंजे तू शेवंताना आंडोर," म्हातारी म्हणाली. शेवंताचा मुलगा भेटला म्हणून हरखलेली ही म्हातारी निघाली केसरबाई, युवराजभाऊच्या आईची चुलतबहीण, म्हणजे याची सख्ख्यासारखी मावशी. पोटरीएवढा होतास तेव्हा तुला कडेवर घेऊन मी पांझरेच्या काठाने फिरले आहे, असं सांगून तिने डोळ्याला पदर लावला. आणि युवराजभाऊने काय करावं? पळून जावं? नाही. तो उठला, वाकला आणि तिच्या पाया पडला. रक्तातच आहे ते, त्याला तो तरी काय करणार!

तेवढ्यात आतून आवाज आला, रमेश पाटील, चला. युवराजभाऊ जागचा हलला नाही. पुन्हा आवाज आला. टकल्या पोरांनी एकमेकांकडे बघितलं. काउंटरवरची मुलगी बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, काका, तुम्हालाच बोलावतेय. केसरबाईने तिच्याकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं.

"तुनं नाव ते युवराज शे ना?"

तिने विचारलं, कसला इलाज करतोस रे? डोक्यावर तर रान माजल्यासारखे केस, आणि पाया पडून उठला तो विशीतल्या पोरासारखा, त्यामुळे केसही सांगता येईनात आणि गुडघाही सांगता येईना. घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सुचतं ते त्याने सांगितलं. म्हणाला, मावशी, रक्तात थोडा दोष निघालाय, रक्त काढून साफ करून परत घालतात. आणि घरी कुणाला सांगू नको. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. नुसता दोष सांगितला असता तर म्हातारी कदाचित विसरली असती, पण कुणाला सांगू नको म्हटल्यावर ती कशी विसरेल?

आत त्याला मलम लावून बधिर केलं, सुई टोचली. फार दुखलं नाही, पण परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला युवराजभाऊने सगळे कुलदेव आठवले. कंडक्टरने विचारलंसुद्धा, आप्पा, सीट रिकामी आहे, उभे का?

केसरबाईने फोन केला पिंपळनेरला. पिंपळनेरहून साक्रीला, साक्रीहून फिरून तो भडगावात सुनंदाबाईंच्या घरी आला. सुनंदाबाई म्हणजे युवराजभाऊच्या भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. तोवर रक्तातल्या दोषाचा रक्ताचा कॅन्सर झाला होता, खोटं नाव सांगण्याचं कारण म्हणजे बिचाऱ्याला बायकोला दुःख द्यायचं नव्हतं असं ठरलं होतं, आणि गच्चीवर एकटं झोपण्याचाही उलगडा झाला होता, की रात्री उलट्या होत असतील, कुणाला दिसू नयेत म्हणून जातो.

युवराजभाऊला आधी काही कळलंच नाही. त्याला एवढंच दिसलं, की गिरणीत आलेल्या बाया आता वजनावरून भांडत नाहीत. एरवी पीठ कमी भरलं म्हणून डबा आपटणारी बाईसुद्धा, असू दे भाऊ, असं म्हणून गप्प निघून जायची. त्याला बघितलं की चक्कीचा आवाज सोडला तर गिरणीत चिडीचूप. मग लोक घरी यायला लागले. कुणी शहाळं, कुणी डाळिंब, कुणी बिस्किटांचे पुडे. येऊन बसायचे, च् च् करायचे, आमच्या अमक्याला असंच झालं होतं, एकदम धडधाकट होता, असं म्हणायचे आणि पुढचं न सांगता उठायचे. युवराजभाऊला आधी हसू आलं, मग राग आला, मग त्याने विचार केला, आणि इथे त्याच्या डोक्यात जे शिरलं त्याला तोड नाही. त्याला वाटलं, असू दे. कॅन्सर म्हणतायत ना, म्हणू देत. खरं कळण्यापेक्षा हे बरं. गावाने आपल्याला मरणाच्या दारात बसवलेलं या गड्याला चाललं, पण ती एक गोष्ट नको. पुरुषाच्या अब्रूपुढे पुरुषाचा जीव तो काय!

दिपमालाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, कॅन्सर वगैरे काही नाही, प्लेटलेटचं जरा काहीतरी आहे. प्लेटलेट म्हटल्यावर खानदेशात कुणालाही काय आठवणार? डेंगू, आणि पपईची पानं. दुसऱ्या दिवशी साडू नवल बोदवडहून पपईच्या पानांचं पोतं घेऊन हजर. दिपमाला रोज सकाळी पानं वाटायची, रस गाळायची आणि पेला त्याच्या हातात देऊन तो संपेपर्यंत समोर उभी राहायची. तो रस एवढा कडू, की कडुनिंब गोड लागावा. युवराजभाऊ डोळे मिटून प्यायचा. त्यात त्याला एकच समाधान होतं, की त्या निमित्ताने ती दोन क्षण जवळ उभी राहते.

धुळ्याच्या खेपा चालूच होत्या. दर खेपेला डॉक्टर म्हणायचा, अजून एकदा टोचून बघू. गुणाचं म्हणाल तर शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. युवराजभाऊ आतल्या आत चडफडत होता, पण थांबला तर आधीचं सगळं वाया जाईल या आशेने पुन्हा एसटी धरत होता.

चैत्र लागला. धुळ्याजळगावकडून सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणाऱ्यांचे जथे निघायला लागले. गिरणीत मिरचीची गर्दी. एका दुपारी दिपमाला डबा घेऊन दुसऱ्या गल्लीतल्या मिरचीवाल्याकडून गिरणीत आली. युवराजभाऊ हात धुवायला बाहेर आला आणि त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. पायांत चपला नव्हत्या. रस्त्याचं डांबर पाघळलेलं, आणि ती टाचा उचलून भरभर चालत आली होती. चपला तुटल्या का, असं त्याने विचारलं. ती डबा घेऊन मिरचीच्या यंत्राकडे गेली. सांगितलं सुनंदाबाईंनी, तेही आख्ख्या गिरणीला ऐकू जाईल असं ओरडून. तू बरा होईस्तोवर दिपमाला पायात वहाण घालणार नाही, आणि बरा झालास की गडावर अनवाणी चालत जाणार, असा तिने नवस बोललाय. चपला तिने देव्हाऱ्याखाली ठेवल्या आहेत.

युवराजभाऊ त्या दिवशी जेवला नाही. कॅन्सर नाही, शप्पथ नाही, असं तो तिला घरात जाऊन सांगत राहिला, पण जो माणूस धुळ्याला नाव बदलून जातो, त्याच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? तिने ऐकून घेतलं आणि पायाला तेल लावलं. टाचेला फोड आलेला. कडेला बसलेली केसरबाई, ती खास धुळ्याहून भेटायला आलेली, याच्या तोंडावरून हात फिरवून रडायला लागली. शेवंताक्का वरून बघतेय रे, म्हणाली. युवराजभाऊला वाटलं, आता या भिंतीवर डोकं आपटावं.

दोनतीन दिवस त्याने ती टाच बघितली. फोड फुटला, त्याला माती लागली. ती लंगडत पाणी भरायची, लंगडत पपईचा रस आणायची. मग एका दुपारी, गिरणीत गिऱ्हाईक नसताना, त्याने पुढचं शटर खाली ओढलं आणि चक्की सुरू केली. दाणे ओतायचं पाळं रिकामं. वर एक दाणाही नाही.

हे नीट समजून घ्या. गिरणीवाला कधीही चक्की रिकामी फिरवत नाही. दाणा नसला की दगडावर दगड घासतो, ठिणग्या उडतात, छिन्नीने टाकी लावलेला दगड खराब होतो. तोताराम पाटलाने एकदा एवढ्याच चुकीसाठी पोराला, म्हणजे याच युवराजला, कानफटात मारली होती. त्यानंतर त्या घराने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता. पण युवराजभाऊला सांगायचं होतं, आणि भिंतीपलीकडे सुनंदाबाईंचे कान होते. तो आवाज ऐकून दिपमाला मागच्या दाराने धावत आली. तिला वाटलं, हा चक्कीपाशी कोसळला. त्याला उभा बघून ती दारातच भिंत धरून थांबली.

युवराजभाऊ तिच्याजवळ गेला आणि तिच्या कानाला तोंड लावून त्याने सगळं सांगितलं. पहिल्या रात्रीपासूनचं सगळं, गच्ची, जळगाव, पट्टा, धुळं, पिवळं पाणी, सुई, मावशी. दगड किंचाळत होता, जळका वास सुटला होता, आणि हा तिच्या कानात ओरडत होता, की मला काही झालेलं नाही, फक्त एवढंच झालंय.

दिपमालाने हात लांब करून बटण बंद केलं. चक्की फिरत फिरत थांबली. तिला राग येईल, रडू येईल, की हसू येईल, याचा त्याने विचार करून ठेवला होता. तिने हळू आवाजात जे सांगितलं, त्याचा विचार मात्र त्याने कधीच केला नव्हता.

"मनी पिशवी काढी, तवयपाईन तुम्ही गच्चीवर गयात. माले वाटनं, आते मी तुमनाकरता बाईच ऱ्हायनू नही. वरीसभरपाईन मी आरसामा धड दखं नही."

गावभराच्या बायांची दुःखं ऐकलेला हा माणूस, आणि घरातल्या बाईने आरसा सोडला हे त्याला दिसलं नाही. तिच्या ऑपरेशनशी याचा काडीचा संबंध नाही, असं तो सांगायला गेला, पण शब्दांआधी रडूच फुटलं. तो पोत्यावर बसला आणि बापाच्या मारानंतरही रडला नव्हता एवढा रडला. दिपमालाला आता मात्र खरा संताप आला. तिने विचारलं, वर्षभर मी स्वतःला टाकून दिल्यासारखी जगले, मग तुम्ही मरणार म्हणून जगले, आणि ही गोष्ट सांगायला तुम्हाला दगड जाळावे लागले? चपलांचं विचारलं तर ती म्हणाली, तुमच्या शब्दावर आता मी चपला घालणार नाही. खऱ्या डॉक्टरने सांगितलं, तरच.

दुसऱ्या दिवशी ती त्याला गावातल्याच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दारात निम्मी रांग ओळखीची, सगळ्यांनी वाट करून दिली, कॅन्सरचा पेशंट म्हणून. आतली डॉक्टरीण बाई तरुण, पण बोलायला सरळ. युवराजभाऊ शब्द चघळत होता, तेव्हा दिपमालानेच सांगितलं. डॉक्टरीण बाईने भुवईसुद्धा उचलली नाही. तहान, लघवी, तंबाखू, वजन असं एकेक विचारत गेली, बोटाला सुई टोचून साखर बघितली, ब्लडप्रेशर बघितलं. साखर इतकी होती, की तिने मान वर करून पुन्हा मोजली. साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, ताठपणा जाणं ही कधी कधी त्याची पहिली खूण असते, म्हणून अशा माणसाचं हृदयही तपासायचं असतं, असं तिने सांगितलं. धुळ्याच्या पिवळ्या पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाली, त्यावर अजून प्रयोग चालू आहेत, गुण येतोच असं खात्रीने कुणी सांगू शकत नाही. आणि सुरुवात तिथून करायची नसते. साखर ताब्यात आणा, तंबाखू सोडा, मग त्या तक्रारीवर साध्या गोळ्या आहेत, त्या द्यायच्या का ते बघू. सगळं पूर्वीसारखं होईल असं मी म्हणत नाही.

दिपमालाने एकच विचारलं, जीवाला धोका आहे का? डॉक्टरीण बाई म्हणाली, सांगितलेलं ऐकलं तर पुष्कळ वर्षं जगतील.

बाहेर आल्यावर युवराजभाऊने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. निघताना त्याने देव्हाऱ्याखालून तिच्या चपला गुपचूप घेतल्या होत्या. दवाखान्याच्या फाटकात, केळीवाला, रिक्षावाले आणि दळणाच्या चार गिऱ्हाइकांसमोर तो खाली बसला आणि चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या. सुलट, डावी डाव्या बाजूला. दिपमालाने चपला घातल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, साखर शे, दुसरं काही नाही, आता बिस्किटं आणू नका.

गावाचा हिरमोड झाला. कॅन्सर म्हणून आणलेल्या डाळिंबांचा हिशोब काहींनी मनात धरला असणार. पुढच्या आठवड्यात गिरणीत पीठ कमी भरलं म्हणून पुन्हा डबा आपटला गेला, आणि युवराजभाऊ आनंदाने भांडला. पपईचं पोतं नवलला परत न्यायला सांगितलं. धुळ्याच्या दवाखान्याचा फोन पोराच्या जुन्या सिमवर वाजत राहिला असेल, रमेश पाटील, पुढची तारीख घ्या म्हणून. गडाचं तेवढं राहिलं होतं. दिपमाला म्हणाली, मी नवस तुमच्या जीवासाठी बोलले होते, बाकी काही मी देवीकडे मागितलंच नव्हतं. पुढल्या चैत्रात दोघं जाऊ, आणि तुम्हीही चालायचं, साखरेला बरं असतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर ती फडकं घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावरचं पीठ झटकलं. बिनसाखरेचा चहा झाला. तिने केसरबाईची नक्कल केली, पट्ट्याचं सगळं पुन्हा विचारून घेतलं, आणि रमेश पाटील, चला, असं ओरडल्यावर युवराजभाऊने चहा सांडला. जेवणं उरकली तसा तो सवयीने जिना चढून वर गेला. खाली झोपायला जायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना. साखरेवरच्या गोळ्यांनी अजून काही फरक पडला नव्हता, कदाचित पडायचाही नव्हता. तो उशी हातात धरून बसला होता, तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. दिपमाला आपली गोधडी काखेत मारून वर आली, त्याच्या अंथरुणाला लागून तिने ती पसरली, आणि तो काही विचारायच्या आत म्हणाली,

"खाले भलतं उकडस."